हारले तं आपलं पीठ

"जेवू घाल, पन सामन्याच्या दिवशी नोको," मनकर्णाबाईंनी सुनेला बजावलं होतं. "जिंकले तं त्याईचे पाय, हारले तं आपलं पीठ."

विशाखाने ते ऐकलं आणि बेबीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. यवतमाळला बी. ए. करताना तिने तर्कशास्त्र घेतलं होतं. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं समजू नये, यावर तिने पानंच्या पानं लिहिली होती आणि वर्गात पहिली आली होती. जेवणाचा आणि कबड्डीचा संबंध जोडणाऱ्या सासूचं तिला कौतुक वाटलं. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याचं वाटतं, तसलं. त्या कौतुकाने पुढे तिचा घात केला.

गाव आदिलाबादकडे, बेल्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर ते फोडलं कोणी यावर बैठक बसेल. या गावात काही बिघडलं की दुरुस्त करण्याआधी ते कोणामुळे बिघडलं हे ठरवायची रीत आहे. हापशी बंद पडली तर पान्हा शोधत नाहीत, माणूस शोधतात. माणूस सापडला की सगळ्यांचं समाधान होतं आणि बाया घागरी घेऊन नाल्यावर जातात. घरातही तेच. मांजर दूध प्यालं तर विशाखाचे यजमान देवाजी मास्तर मांजराला काही म्हणत नसत. "झाकन कोनं ठेवलं नोतं?" असं ते छताकडे बघून विचारत. उत्तर छताने द्यावं अशी मात्र त्यांची अपेक्षा नसे.

तर, जेवण तिच्या गळ्यात आलं कसं, ते आधी सांगायला हवं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावाचा तलमडुगुशी कबड्डीचा सामना असे. सामन्याआधी सगळी टीम दुपारी एकाच घरी एका पंगतीला जेवायची, ही जुनी चाल. पंगत एकतर सरपंच उद्धवराव पाटलांच्या ओट्यावर, नाहीतर सुधाकररावांच्या आंगणात. पण त्या साली पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि हे दोघेही सरपंचकीला उभे होते. सुधाकररावांकडे टीम जेवली तर मी सामन्याला येणार नाही, असं उद्धवराव म्हणाले. सुधाकररावही तेच म्हणाले, फक्त नाव बदलून. शेवटी देवाजी मास्तरांचं घर निघालं. मास्तर टीमला सराव देत, आणि मास्तर कोणाच्याच बाजूचे नाहीत, असं दोन्ही बाजूंचं मत होतं. मास्तर राहत त्या बुद्धवाड्यातली मतं मात्र दोन्ही बाजूंना हवी होती, हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

टीम याआधी त्यांच्या घरी आलीच नव्हती असं नाही. चहाला येत असे, उभ्या उभ्या. पाट मांडून जेवायला पहिल्यांदाच येणार होती.

विशाखाचा यात स्वार्थ होता. तिला ओसरीत बालवाडी काढायची होती. मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या, कचेरीत दरखास्त देऊन झाली होती. बेबीला काखेत मारून ती तिथे खेटे घालत होती आणि तिथले कारकून तेलुगूत "रेपु रा", म्हणजे उद्या ये, म्हणत होते. उद्या गेलं की सरपंचाची सिफारस हवी, परवा गेलं की साहेबांनी येऊन तपासायला हवं, मुआयना हवा, आणि सगळ्यात शेवटी, गावात कोणाची हरकत, कोणाचा एतराज नको. गाडी अडली होती ती या एतराजावर. बालवाडीत पोरांना रोज शिजवून द्यायचं असतं. समोरच्या गल्लीतल्या कुसुमबाई मनाने चांगल्या, म्हणून त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, "शिकवसान तं शिकवा बाई. पन आमच्या गल्लीतले लेकरं तुमच्या हातचं खातीन का?"

विशाखाने तर्क चालवला. टीमचे पैलवान माझ्या हातचं खातील, तर त्यांची पोरं का खाणार नाहीत? तर्कात खोट नव्हती. खोट गावात होती, आणि ती अभ्यासक्रमात नव्हती.

रोडगे करायचे ठरले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. सल्ले गावभरातून आले. एकीने सांगितलं, कणकेत ओवा घाल, पोट हलकं राहते. दुसरीने सांगितलं, ओवा घालू नोको, पैलवान गडी पातळ होते. कुसुमबाई तूप वाढवा म्हणाल्या, आणि त्यांचे यजमान फाटकातून तूप कमी करा म्हणाले, आणि मग ते दोघं आपसातच फाटकात भांडत राहिले. मनकर्णाबाई निखाऱ्यांपाशी बसून रोडगे उलटत होत्या आणि मधूनमधून सुनेकडे असं पाहत होत्या की जणू रोडगे नाही, तीच भाजली जात होती. विशाखाचा एक डोळा निखाऱ्यांवर आणि एक बेबीवर. बेबी नुकती रांगायला लागली होती आणि आगीच्या दिशेने तिचा वेग जास्त असे.

पंगत झाली. चंपत, गावाचा चढाईचा गडी आणि उद्धवरावांचा पुतण्या, सगळ्यात आधी बसला आणि सगळ्यात शेवटी उठला. किती खाल्लं हे विशाखाने मोजलं नाही, जेवत्याला नजर लागते. "वैनी, असे रोडगे आमच्या घरी काऊन होत नाईत?" असं त्याने ओरपत विचारलं. हे वाक्य विशाखाने मनात दाराला तोरण लावावं तसं टांगून ठेवलं.

पंगत उठते न उठते तोच तलमडुगुची टीम ट्रॅक्टरवरून उतरली. वेळेच्या आधी आणि उपाशी. त्यांचं जेवण सुधाकररावांकडे आहे असं उद्धवराव समजत होते. सुधाकरराव अर्थातच उलटं समजत होते. पाहुणे चौकात उन्हात उभे. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी त्यांना मागच्या दाराने घरात आणलं, आणि विशाखाने उरलेलं सगळं वाढलं. तेच रोडगे, तेच वरण, तेच तूप. गाव तेव्हा घरोघरी धोतर-लुगडं बदलत होतं, म्हणून कोणाला कळलं नाही.

तेवढ्यात मावल्याहून पंच आले. पांडुरंगराव म्हणून, एका शाळेतले कसरतीचे शिक्षक. काडीसारखे, गळ्यात शिट्टी, सायकल कडुनिंबाला टेकवलेली. ओसरीतून विशाखाला दिसले. ते हापशीवर पाणी प्याले, थोडं बसले, परत उठून पाणी प्याले. तिने नवऱ्याला विचारलं, "ते पंच जेवले का?"

"पाटलाकडं जेवले असतीन," मास्तर म्हणाले, आणि चुना घेऊन रेघा आखायला पळाले.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या चढाईला चंपत गेला, दोघांना शिवला, तिघांनी त्याचे पाय धरले. तो धूळ उडवत मध्यरेघेकडे सरकला, हात लांब केला, श्वास सुटला, शिट्टी वाजली. पांडुरंगरावांनी हात तलमडुगुकडे केला. विशाखा बाजूलाच बेबीला घेऊन उभी होती. चंपतची बोटं रेघेच्या वीतभर अलीकडे होती. तिने ते स्वच्छ पाहिलं. हरलो तर हरलो, असं तिला वाटलं. शिकलेल्या माणसाला असं वाटू शकतं.

चंपत उठला, पोटावरची माती झटकली, आणि पोटावर हात तसाच ठेवून म्हणाला, "आंग जड झालतं बाप्पा. रोडग्यानं घात केला."

एवढंच म्हणाला. मैदानातून बातमी माणसांच्या आधी घरी पोचली. अंधार पडायच्या आत कुसुमबाई फाटकात येऊन सांगून गेल्या, "मी तं म्हन्लंच होतं, तूप कमी करा." वाढवा असं कोणी म्हणाल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. सकाळी हापशीवर कणीक कच्ची राहिली होती. दुपारी कपाशीत वेचणाऱ्या बायांमध्ये वरण शिळं होतं. आणि सांजेला कोणी तरी, कोण ते कळलं नाही, नुसतं एवढं म्हणालं, "जाऊ द्या ना. आजवर आपन तिकडं जेवत होतो का?"

ते विशाखाने स्वतःच्या कानाने ऐकलं. घागर तिच्या हातात होती. तिने ती भरली, घरी आणली, आणि इतक्या जोरात ठेवली की बेबी रडायला लागली. मग बेबीला का रडवलं यावर नवराबायकोचं भांडण झालं.

"तूच म्हन्लं होतं, पंगत आपल्याकडं होऊ द्या."

"तुम्हीच तलमडुगुवाल्यांना मागच्या दाराने आणलं."

"त्याचा इथं काय संबंध?"

"मग माझ्या रोडग्यांचा तरी काय संबंध?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मनकर्णाबाई बेबीला थोपटत म्हणाल्या, "मले काही बोलाचं नाई." हे त्या संध्याकाळभर सांगत राहिल्या.

आता राजकारण आत शिरलं. सुधाकरराव म्हणू लागले, पंगत तिकडे नेली कोणी, तर सरपंचाने. गावाची हार म्हणजे सरपंचाची हार. उद्धवरावांनी उत्तर दिलं, पंगत आपल्या ओट्यावर होऊ दिली नाही कोणी, ते आधी सांगा. दोघेही एकमेकांच्या छातीवर बोट ठेवत होते, पण दोघांच्या मधे विशाखाचे रोडगे असल्यामुळे बोट आधी तिथे लागत होतं. शेवटी चावडीवर बैठक ठरली. बैठकीत हरण्याचं कारण निश्चित होणार होतं. उद्धवराव मास्तरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, बालवाडीची सिफारस मी लिवून ठेवली होती. पन आता पाहा, जेवनावरच शंका आली, तं लेकराईचं जेवन तुमच्या घरी कसं देऊ? लोक मले धरतीन."

हे ऐकल्यावर विशाखाने ठरवलं, बैठकीत आपण बोलायचं. मास्तर नको म्हणाले. मनकर्णाबाई नको म्हणाल्या. "सूनबाई, तिथं खरं बोलाले जात नसते. तिथं कोनाच्या गळ्यात पडते ते पाहाले जात असते." पण विशाखाकडे बिनतोड मुद्दा होता. तो तिने बेबीला न्हाऊ घालताना दोनदा घोकला. बेबीला सर्दी होती म्हणून टोपडं घातलं, काजळ लावलं, काखेत घेतलं, आणि ती निघाली.

चावडी भरली होती. पुढे उद्धवराव आणि सुधाकरराव, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. चंपत खांबाला टेकून, पाय लांब केलेले, आजाऱ्यासारखा. बाया मागे पडवीत. उद्धवरावांनी विषय मांडला, म्हणजे जेवण जड होतं का, एवढंच विचारलं.

विशाखा उभी राहिली. "मला एक सांगायचं आहे."

"बोला मास्तरीणबाई."

"जेवणामुळे आपण हरलो असं म्हणता. मग तलमडुगुची टीम पण तेच जेवली. आमच्याच घरी. तेच रोडगे, तेच वरण. मग ते कसे जिंकले?"

मुद्दा खरंच बिनतोड होता. विशाखाला वाटलं, झालं. तिने बेबीचं टोपडं सारखं केलं.

"म्हंजे," सुधाकरराव सावकाश म्हणाले, "तुमी त्याईलेबी जेवू घातलं?"

"ते उपाशी होते."

"सामन्याच्या आंधी?"

"उपाशी माणसाला सामन्यानंतर जेवा असं कसं..."

पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. चंपत आजार विसरून उठून बसला. "तरी म्हन्लं ते एवढं जोर कुठून आनून राह्यले. आमचंच तूप होतं ना बाप्पा त्याईच्या आंगात."

"पन तुया आंगात तं जड झालतं," मास्तर म्हणाले.

"मले जड झालं, त्याईले लागू पडलं."

यावर चावडीतल्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. असं होतं कधीकधी. म्हणजे विशाखा आता दोन गुन्ह्यांत अडकली होती. वाईट जेवण देऊन गावाला हरवणं आणि चांगलं जेवण देऊन तलमडुगुला जिंकवणं. एकच पातेलं, दोन गुन्हे, आणि कोणालाच त्यात काही विसंगत दिसत नव्हतं. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना इथे आणून बसवावं, दुसरं काही नको, अशी तिला फार इच्छा झाली. कुसुमबाई मागून म्हणाल्या, "मागच्या दारानं आनलं म्हन्ते. मागच्या दारानं कायले आनलं असन?" आणि उद्धवराव खिशातली सिफारस चाचपत म्हणाले, "मंग आता माझा नाइलाज हाय."

विशाखाचा तोल गेला. अपमान जेवढा खरा तेवढाच आवाज चढला.

"तुमच्या गावात पाहुणे येतात आणि त्यांना कोणी विचारत नाही, आणि मी विचारलं तर माझा गुन्हा? त्या पंचांना तर माझ्याकडचंही मिळालं नाही. मावल्याहून सायकल मारत आले, आणि हापशीचं पाणी पिऊन सामनाभर उभे राहिले. त्यांना कोणी जेवायला बोलावलं? पाटील, तुम्ही बोलावलं?"

उद्धवरावांनी सुधाकररावांकडे पाहिलं. सुधाकररावांनी उद्धवरावांकडे पाहिलं. त्या निवडणुकीत ते दोघे एकमेकांकडे पहिल्यांदाच इतक्या आपुलकीने पाहत होते.

"पंच उपाशी होता?" चंपतने विचारलं.

"उपाशी होता," सुधाकरराव म्हणाले.

"भुकेल्या मानसाले," उद्धवराव प्रत्येक शब्द जोखत म्हणाले, "रेघ दिसते का?"

"डोयापुढं अंधारी येते," एक म्हातारा म्हणाला.

"एकाच्या दोन रेघा दिसते."

"माझा हात लागला होता," चंपत म्हणाला. आणि हे त्याला स्वतःलाही तेव्हाच समजलं असावं.

गाव मोकळं झालं. इतका वेळ जे ओझं कोणाच्या डोक्यावर द्यावं कळत नव्हतं, ते उचलून मावल्याला पाठवायचं ठरलं. तिथला माणूस इथे हजर नव्हता, त्याचं या गावात मत नव्हतं, आणि त्याच्यासाठी भांडणारं कोणी नव्हतं. दोषाला याहून चांगली जागा कोणती? पंचानेच घात केला, या पंचाला पुन्हा बोलावू नये, आणि मंडलाच्या कचेरीतही तसं कळवावं, यावर उद्धवराव आणि सुधाकरराव दोघांचं एकमत झालं. रोडगे चांगले होते असं चंपतने स्वतःहून सांगितलं.

"पण हात लागलाच नव्हता," विशाखा म्हणाली. "मी बाजूलाच होते. वीतभर अलीकडे होता."

"बाई, तुमच्या काखेत लेकरू होतं," सुधाकरराव समजुतीने म्हणाले. "तुमाले काय दिसते."

"आणि पंचांना जेवू घालायचं कोणाकडे होतं?"

उद्धवराव ताडकन उठले. "चला, बैठक झाली. कापूस येचाचा हाय." आणि जाता जाता त्यांनी खिशातली सिफारस मास्तरांच्या हातात कोंबली, जशी काही ती हातात राहिली असती तर चटका बसला असता.

घरी येताना मनकर्णाबाई म्हणाल्या, "पाह्यलं? पीठ सुटलं, पंच अडकला." त्यात आनंद नव्हता. त्यांनी बेबीला सुनेच्या काखेतून घेतलं आणि त्या पुढे झाल्या.

बालवाडी उघडली. मुआयन्याचे साहेब आले, एतराज आहे का म्हणून विचारलं, आणि कुसुमबाई सगळ्यात आधी म्हणाल्या की एतराज कायचा, आमी तं पैल्यापासून म्हनून राह्यलो. पहिल्या दिवशी चंपतच्या पोरीने खिचडी दोनदा मागितली. पुढच्या साली टीम पुन्हा विशाखाकडे जेवली, आणि जिंकली. चंपतला खांद्यावर घेऊन मिरवलं, बायांनी त्याचे पाय धुतले. रोडग्यांचं नाव कोणी घेतलं नाही. विशाखाने सासूकडे पाहिलं. सासू पदराआड हसत होत्या.

शिट्टी त्या वर्षी दुसऱ्याच माणसाची होती. पांडुरंगरावांना आता कुठेच बोलावत नाहीत असं मास्तर ऐकून आले. एका गावाने कळवलं, मग दुसऱ्या गावालाही आपली जुनी हार आठवली. विशाखा ते मनाला लावून घेते. बेबी रात्री नीट जेवली नाही तरी तिला झोप येत नाही. आणि इथे एक मोठा माणूस उपाशी, थंडीच्या वाऱ्यात, मावल्यापर्यंत सायकल मारत गेला, त्याचं पुढे काय झालं हे गावात कोणाला ठाऊकही नाही.

म्हणून तिचं एवढंच म्हणणं आहे. तुमच्यापैकी कोणी आदिलाबादकडे गेलं, तर वाट वाकडी करून मावल्यात जा. पीठगिरणीच्या मागे त्यांचं घर आहे म्हणतात. दारात सायकल असेल. सामन्याचं काही बोलू नका, रेघेचं तर नकोच. नुसतं विचारा, जेवले का. आणि "हो" म्हणाले, तरी लगेच निघू नका. जरा बसा, आणि चूल पेटलेली दिसते का ते पाहून या.